वांगं सोडलं, टोमॅटो सोडला, तरी बोटं सुजतातच

प्रश्न : मी काळाचौकीला पोळी-भाजी केंद्र चालवते. वय ४९. दोन वर्षांपूर्वी आमवाताचं निदान झालं. सकाळी तासभर तरी मूठ मिटत नाही, कणीक मळायला पुतणीला बसवावं लागतं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी दिली आहे. शेजारच्या वहिनींनी पथ्याची यादी दिली म्हणून टोमॅटो, वांगं, बटाटा, दही, लिंबू, कडधान्यं आणि मासे चार महिने बंद केले. दुपारी वेळ नसतो, उरलेली पोळी चहात बुडवून खाते. वजन ५४ वरून ४८ किलोवर आलं, दुखणं आहे तिथेच. गोळी सोडून हळदीचं पाणी सुरू कर, असं आता घरचे म्हणतात. मी नेमकं काय खाऊ?

उत्तर : ताई, 'मूठ मिटत नाही' हे वाचलं आणि माझी आई डोळ्यांसमोर उभी राहिली. गिरगावच्या आमच्या चाळीत ती पहाटे मोरीपाशी गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसायची. पोह्यांच्या डब्याचं झाकण बोटांनी निघायचं नाही, मग डबा पोटाशी धरून मनगटाने ते रेटायची. तिलाही आमवातच होता. तिनेही अशाच कुणाकुणाच्या सांगण्यावरून एकेक पदार्थ सोडला आणि शेवटी ताटात दुधीची भाजी आणि मऊ भात एवढंच उरलं. दुखणं गेलं नाही, अंगातली ताकद तेवढी गेली. मी तेव्हा आहारशास्त्र शिकत होते आणि तिला अडवलं नाही, याची रुखरुख अजून आहे. म्हणून तुम्हाला अगदी कळकळीने सांगते, ती यादी आजच बाजूला ठेवा.

त्याआधी गोळीचं. ती सोडू नका. आमवातात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या अस्तरावर उलटते. तो दाह चालू राहिला तर कूर्चा आणि हाड झिजतं, आणि झिजलेलं हाड कुठल्याही आहाराने भरून येत नाही. आहाराने सूज, ठणका, थकवा थोडाफार उतरू शकतो, पण तो गोळीच्या जोडीला. गोळी आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही. सोबत फॉलिक अ‍ॅसिड दिलं असेल तर तेही डॉक्टरांनी सांगितलंय तसंच घ्या.

हळदीत दाह कमी करणारा घटक आहे, हे खरं. पण त्या कर्क्युमिनचं प्रमाण हळदीत साधारण ३ टक्केच, आणि त्यातलंही फार थोडं अंगात शोषलं जातं. तेल आणि मिरी सोबत असली की जरा जास्त. म्हणजे आपली फोडणीची हळद पाण्यातल्या हळदीपेक्षा बरी. कर्क्युमिनच्या कॅप्सूल मात्र स्वतःहून आणू नका. त्यांनी काहींच्या यकृताला इजा झालेली आहे, आणि तुमच्या गोळीमुळेही यकृतावर लक्ष ठेवावं लागतंच.

टोमॅटो, वांगं, बटाटा यांनी सांध्यांची सूज वाढते, असा भक्कम पुरावा नाही. तरीही एखाद्या पदार्थाचा संशय येत असेल तर तो एकच तीन आठवडे बंद ठेवा, मग दोन-तीन दिवस खाऊन बघा. सात पदार्थ एकदम बंद केले तर काय कशाने झालं हे कळणार कसं? आहाराचा काही उपयोगच नाही, असं मी म्हणत नाही. नॉर्वेत १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आमवाताच्या रुग्णांनी ७ ते १० दिवस उपवास आणि पुढे वर्षभर शाकाहार केला, तेव्हा बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालं. पण ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं. न ठरवता सहा किलो वजन उतरलेलं असताना तुम्ही उपवासाचं नावही काढू नका. हे वजन का उतरलं, तेही डॉक्टरांना विचारा.

मासे तर सर्वात आधी सुरू करा. बांगडा आणि तारली यांच्या चरबीत ओमेगा-३ भरपूर असतं, आणि आमवाताच्या दुखण्यात त्याचा उपयोग झालेला दिसतो. पापलेटच्या मानाने तारली कितीतरी स्वस्त. आठवड्यातून दोन-तीनदा खा, पण तळून नको. तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करा, नाहीतर तव्यावर थोड्या तेलात भाजा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि मग श्रावण येतो. तेव्हा रोज दोन चमचे जवसाची चटणी घ्या. जवसातल्या ओमेगा-३चं माशातल्यासारखं रूप शरीरात थोडंच होतं, तरी चटणी हवीच. (युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या वाचकांनी हे माशांचं उचलू नये. बांगडा-तारलीने ते आणखी वाढतं.)

खारी, टोस्ट, फरसाण कमी करा. चहात साखर अर्धी.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मनातून जात नाही. दिवसभर लोकांचे डबे भरता आणि स्वतः उरलेली पोळी चहात बुडवता! गेलेल्या सहा किलोंत स्नायूही गेले असणार, आणि दुखऱ्या सांध्याला आधार स्नायूंचाच असतो. म्हणून डबे भरायला घेण्याआधी स्वतःचं ताट वाढून झाकून ठेवा. मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ वाटीभर, दही वाटीभर, केंद्रातलीच पालेभाजी, दोन पोळ्या आणि वर लिंबू पिळा. रात्री भाकरी नाचणीची करा, तिच्यात कॅल्शियम चांगलं असतं. तीही पुतणीलाच थापू दे. आणि पुढच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व बघायला सांगा.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज सकाळी एक आकडा लिहा, मूठ मिटायला किती मिनिटं लागली त्याचा. सहा आठवड्यांनी ते पान डॉक्टरांना दाखवा, आणि वजनाचा काटा काय म्हणतो ते मलाही कळवा.