श्रीरामपूरहून मिनेसोटाला निघालेल्या मुलीस

सलाम.

तुझा निरोप तुझ्या आत्याकडून माझ्या आईकडे आणि आईकडून माझ्याकडे आला. "मावशी, ऑगस्टात मिनियापोलिसला येतोय. मुलगी सात वर्षांची आहे. आम्ही सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. तिथलं एपिस्कोपल चर्च आपल्यातलंच का? येत्या महिन्यांत काय काय कार्यक्रम असतात? माणसं भेटतात का? आणि शाळेचं कसं?" चार ओळींत चार प्रश्न. तो आल्यापासून मी रोज रात्री वाचतेय आणि उत्तर उद्यावर ढकलतेय. आज लिहितेच.

व्हिसा, घरभाडं, बँक, लायसन्स यातलं मी काही लिहिणार नाही. ते सरकारी पानांवर आहे आणि तुझ्या नवऱ्याच्या ऑफिसातली पोरं तोंडपाठ सांगतील.

आपल्यातलं का, तर हो. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चेस एक होऊन सीएनआय झाली, त्यात एक अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं होतं. एपिस्कोपल म्हणजे त्याच अँग्लिकन घराण्याचं अमेरिकेतलं नाव. पुन्हा बाप्तिस्मा मागत नाहीत, प्रभुभोजनाला पहिल्याच रविवारी जाता येतं. माझी आजी एसपीजी या अँग्लिकन मिशनची. तिच्या तोंडून जी प्रार्थना मराठीत ऐकली होती, ती इथे पहिल्या दिवशी इंग्रजीत आली तेव्हा पुढचं वाक्य मला आधीच ठाऊक होतं. एवढं एक सुख.

फक्त पाळकांकडून सभासदत्वाचा दाखला इंग्रजीत, शिक्क्यानिशी घेऊन ये. आणि तुम्हा तिघांच्या बाप्तिस्म्याचे दाखलेही. त्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळतंय का ते श्रीरामपुरात असतानाच बघ. माझा जन्म नेवासे तालुक्यातला, घरी झालेला, ग्रामपंचायतीत नोंद नाही. ग्रीन कार्डाच्या वेळी जन्मनोंद मिळत नसल्याचं पत्र, दोन नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं आणि बाप्तिस्म्याचा दाखला एवढ्यावर माझं जन्माला येणं सिद्ध करायचं होतं. दाखला मराठीत. मी स्वतः इंग्रजीची शिक्षिका, पण माझ्याच कागदाचं भाषांतर मी केलेलं कसं चालेल, म्हणून पुण्यात एकाला पैसे देऊन करून घेतलं. आपण चर्चच्या समुदायाला 'मंडळी' म्हणतो, त्या भल्या माणसाला त्यावरून नाटक मंडळी आठवली असणार. माझे आईवडील अमुक गावच्या 'ट्रूप'चे सभासद असल्याचं त्याने इंग्रजीत प्रमाणित करून दिलं. वकिलीणबाईंनी फोन करून विचारलं, तुझे आईवडील सर्कशीत होते का? आता हसते मी. तेव्हा सहा आठवडे गेले होते त्यात.

आता कार्यक्रम. तुम्ही ऑगस्टात येताय, म्हणून एक गोष्ट आधीच सांगते, मला कोणी सांगितली नव्हती. उन्हाळ्यात इथलं चर्च रिकामं असतं. लोक तळ्याकाठच्या केबिनवर जातात, गायकवृंदाला सुट्टी असते, संडेस्कूल बंद. आम्हीही जुलैअखेर आलो होतो. पहिल्या रविवारी माणसं एकोणीस, मी मोजली, त्यात आम्ही तिघं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, हे चर्च मरायला टेकलंय. सप्टेंबरात लेबर डेची सुट्टी उलटली आणि बाक भरले. तेव्हा ऑगस्ट बघून मत बनवू नकोस.

सप्टेंबरात संडेस्कूल सुरू होतं, त्या दिवशी मैदानात जेवण असतं. मुलीचं नाव त्याच दिवशी घाल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, संत फ्रान्सिसच्या दिवसाच्या आसपास, लोक कुत्री-मांजरं घेऊन येतात आणि पाळक त्यांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. आपल्याकडे पोळ्याला बैलाला ओवाळतात तेव्हा आपण ख्रिस्ती लोक जरा अंग चोरून उभे असायचो ना, आठवतं? इथे पाळकांनी एका सरड्याला आशीर्वाद दिला. माझी मुलगी आठवडाभर त्याच्याबद्दल बोलत होती.

त्याच सुमारास देणगीचं कार्ड घरी येतं, वर्षभरात किती द्याल ते लिहायचं. मला वाटलं कर आहे. कर नाही, आणि आकडा कुणी वाचून दाखवत नाही. आपल्याकडे वर्गणीदारांची नावं उपासनेत वाचतात आणि ज्याचं नाव येत नाही तो चपला शोधायला लागतो. इथे ती भीती नाही. जमेल तेवढं लिही. शरद ऋतूत धर्मप्रांताची, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या चर्चेसची, वार्षिक सभा भरते, गावोगावचे प्रतिनिधी येतात. मग आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे आठवडे, वाचनं आणि कॅरल, नाताळ. जानेवारीत मंडळीची सर्वसाधारण सभा असते, तिला जा. तिथे हिशेब फोडून मांडतात आणि वाद होतात, आणि वाद झाला की माणसं खरी दिसतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पॅनकेक. उपवासकाळात बुधवारी सूप.

जेवण असेल तिथे रिकाम्या हाताने जायचं नाही, हे तुला सांगायला नको. पण तिखट निम्मं कर. कुणी 'इंटरेस्टिंग' म्हणालं तर ती भाजी पुन्हा नेऊ नकोस. भांडी परत मिळावीत म्हणून आपण त्यांवर नाव कोरून घेतो, इथे तळाला चिकटपट्टीवर नाव लिहितात. माझ्याकडे आईने 1998 ला कोरून दिलेलं स्टीलचं पातेलं आहे, मराठी अक्षरांचं. ते कुणीही वाचू शकत नाही आणि तरी दर वेळी माझ्याकडेच परत येतं.

माणसं भेटतात का? भेटतात. एकटेपणा येतो, पहिला हिवाळा वाईट, दुसरा बरा. पुढे.

दोन प्रश्न तुला सारखे विचारले जातील. चर्चमध्ये विचारतील, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? आणि मराठी मंडळाच्या गणपतीत आडनाव ऐकून विचारतील, तुम्ही गोव्याच्या का? वर म्हणतील, अय्या, मराठी किती छान बोलता! दोन्हीकडे प्रेमानेच विचारतात, त्यामुळे रागावताही येत नाही. चर्चवाल्यांसाठी मी उत्तर पाठ करून ठेवलंय: अमेरिकन मिशन नगरला 1831 साली आलं, तुमचं मिनेसोटा राज्य झालं 1858 साली. मंडळवाल्यांसाठी अजून सापडलेलं नाही. तरी जा तिथे, दिवाळी अंकांची पेटी असते. मराठी ख्रिस्ती घरं मला चौदा वर्षांत चारच भेटली, त्यातलं एक टेक्सासला गेलं.

आता शाळा. इथेच मी रोज रात्री थांबत होते.

2011 साली आलो तेव्हा मुलगा सहा वर्षांचा होता. नगरला इंग्रजी माध्यमात होता, गोष्टींची पुस्तकं भराभर वाचायचा. शाळेत नाव घालताना एक फॉर्म देतात: मूल आधी कोणती भाषा शिकलं, घरात कोणती बोलतात. नवरा म्हणाला, इंग्रजी लिही, उगाच भानगड नको. मी म्हटलं, खोटं कशाला लिहू? ऐटीत 'मराठी' लिहिलं. त्यावरून त्याची इंग्रजीची चाचणी झाली. अनोळखी बाई, बंद खोली, समोर चित्र, त्यात बर्फावरच्या घसरगाडीवर बसलेला मुलगा. माझ्या पोराने घसरगाडी जन्मात पाहिली नव्हती. तो गप्प बसला. झालं. रोज पाऊण तास त्याला वर्गातून उठवून इंग्रजी शिकणाऱ्यांच्या खोलीत न्यायचे, नेमकं विज्ञानाच्या वेळेला. दोन वर्षं.

मी भांडायला गेले. दहा वर्षं आठवी-नववीला इंग्रजी शिकवलेली बाई मी. समोरची बाई माझ्याशी सावकाश, मोठ्याने, शब्द सुटे करून बोलायला लागली आणि माझंच इंग्रजी तुटलं. 'मे आय नो' म्हणून अडकले. परत आले. पालकाला ती जादा शिकवणी लेखी नाकारता येते, तो कायद्याने हक्क आहे, हे मला फार उशिरा कळलं. तू हे लक्षात ठेव. या अख्ख्या पत्रातली ही एक ओळ कागदावर उतरवून घे.

मग एक दिवस शाळेच्या दाराशी मुलगा म्हणाला, "आई, इथे मराठी नको ना बोलूस." आठ वर्षांच्या पोराने हिशेब बरोबर मांडला होता: मराठी लिहिलं म्हणून त्याला उठवून नेतात. दाराशी नको, मग गाडीत नको, मग घरातही उत्तरं इंग्रजीत. मी रागावले, नंतर सोडून दिलं, कारण दमले होते. धाकटी इथेच जन्मली. 2018 मध्ये तिचा फॉर्म आला तेव्हा मी न थांबता 'इंग्रजी' लिहिलं. तिला कुणी उठवून नेलं नाही. शाळेत छान चाललंय तिचं. आजीशी व्हिडिओवर बोलताना ती मांजर कॅमेऱ्यासमोर धरते, कारण त्यापलीकडे दोघींना एकमेकींना सांगण्यासारखं काही नसतं.

पहिल्या वेळी खरं लिहून चुकले की दुसऱ्या वेळी खोटं लिहून, ते मला विचारू नकोस. तू खरंच लिही. आणि मुलीला आधी घसरगाडीचं चित्र दाखवून ठेव.

वर एकटेपणाला 'पुढे' म्हणून टाकलं, ते पुरतं खरं नव्हतं. जानेवारी 2016 मध्ये माझे वडील गेले. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला. गेले असते तर मुंबईत मुलाखतीची तारीख कधी मिळेल आणि परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता, इकडे अंगावरची मुलगी. नाही गेले. सगळे म्हणाले बरोबर केलंस. मंडळीतल्या बायकांनी फॉइलने झाकलेली तीन भांडी दाराशी ठेवली, बटाट्याचे गोळे लावलेलं हॉटडिश (ओव्हनमध्ये भाजलेलं इथलं जेवण), तळाला चिकटपट्ट्या. बेल वाजवून, मिठी मारून गेल्या. माणसं चांगलीच गं. पण बसलं कोणी नाही. आपल्याकडे मयताच्या घरी बाजाची पेटी येते, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं मध्यरात्रीपर्यंत चालतात, कोणी चहा टाकतं, कोणी वडिलांचा एखादा वेंधळेपणा सांगून हसवतं. मी ती भजनं फोनवर ऐकली, मध्ये मध्ये आवाज तुटत होता.

चारेक वर्षांनी धर्मप्रांताच्या सभेला प्रतिनिधी म्हणून गेले. तिथे ओजिब्वे या इथल्या मूळनिवासी लोकांपैकी काहीजण गायला उभे राहिले. उत्तर मिनेसोटात व्हाइट अर्थला त्यांची जुनी मंडळी आहे. एनमेगाबो त्यांच्यातले, 1867 साली बिशप व्हिपल यांच्या हातून पाळक झाले, 12 जूनला त्यांचा स्मरणदिन असतो. ते इंग्रजी चालींची जुनी गीतं आपल्या भाषेत म्हणतात, वाद्याशिवाय, इतकी सावकाश की चाल ओळखूच येत नाही. शेजारच्या बाईने सांगितलं, मयताच्या घरी हे रात्रभर गातात. मी त्या हॉलमध्ये नजरेने पेटी शोधत होते. मुलगा तेव्हा पंधराचा, सोबत आला होता. गाडीत म्हणाला, "त्यांची मुलं ती भाषा बोलतात का?" मी म्हटलं, माहीत नाही. घरापर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही.

असो. आल्यावर पहिल्या रविवारी मी न्यायला येईन, पत्ता पाठव. थंडीचे कपडे तिकडून आणू नकोस, ते तिथल्या थंडीचे असतात. बॅगेत जागा उरली तर माझ्या आईकडून वडिलांची 'उपासना-संगीत' या भजनांच्या पुस्तकाची प्रत घेऊन ये. तिची शेवटची पानं सुटलेली आहेत, मधे खोचून ठेवलीयत. उघडताना सांभाळ, पडतील.