साखर, साबुदाणा आणि कापूस ही तिन्ही कर्बोदकंच कशी? मग साखर बंद असलेल्यांना साबुदाणा चालतो का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. मुलीच्या पुस्तकात साखर, स्टार्च आणि सेल्युलोज एकाच गटात कसे, ही पहिली. आणि मधुमेहामुळे साखर सोडलेल्या तुमच्या आई संकष्टीला 'साबुदाणा कुठे गोड असतो' म्हणून वाडगाभर खिचडी खातात ते योग्य आहे का, ही दुसरी. मी पुण्यात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. दोन्हींचं उत्तर ग्लुकोजपाशी सापडतं, म्हणून तिथूनच सांगते.

ग्लुकोजच्या एका रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन असतात. हायड्रोजन-ऑक्सिजनचं प्रमाण पाण्यासारखंच २:१, पण आत पाणी नसतं. निव्वळ या प्रमाणावरून कर्बोदक ओळखायला जाऊ नका. व्हिनेगरमधल्या ॲसिटिक ॲसिडमध्येही तेच प्रमाण आहे आणि ते कर्बोदक नाही. खूण वेगळी आहे: कार्बनची साखळी, तिच्यावर बरेच ओएच गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) आणि एक अल्डिहाइड किंवा कीटोन गट, म्हणजे कार्बनला दुहेरी बंधाने जोडलेला ऑक्सिजन: साखळीच्या टोकाला असेल तर अल्डिहाइड, मधे असेल तर कीटोन. ग्लुकोजमध्ये अल्डिहाइड, फ्रुक्टोजमध्ये कीटोन. दोघांचं सूत्र मात्र एकच. गॅलॅक्टोजचंही तेच सूत्र. ग्लुकोजशी तुलना केली तर त्याच्या चौथ्या कार्बनवरचा ओएच तेवढा उलट दिशेला असतो. असले बारीक फरक जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी क्ष-किरणांची मदत नसताना, केवळ रासायनिक अभिक्रियांवरून उलगडले. १९०२ साली त्यांना नोबेल मिळालं. मला आजही ते काम शिकवताना भारावून जायला होतं.

पाण्यात ग्लुकोजची साखळी वळून तिचं कडं होतं. पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन कड्यात, सहावा कार्बन बाहेर. कडं जुळताना पहिल्या कार्बनवरचा ओएच खालच्या बाजूला आला तर अल्फा, वर आला तर बीटा. मुलीला सांगा, या एका ओएचकडे नीट लक्ष दे, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

सुटा एक रेणू असला की मोनोसॅकराइड. दोन जुळले की डायसॅकराइड: दुधातलं लॅक्टोज म्हणजे गॅलॅक्टोज आणि ग्लुकोज, मोड आलेल्या धान्यातलं माल्टोज म्हणजे दोन ग्लुकोज. आपली साखर, म्हणजे सुक्रोज, ही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. जोड तुटायला आम्ल किंवा एन्झाइम लागतं. पाकात लिंबू पिळतात ते यासाठीच. थोडी साखर फुटते आणि पाक साखरत नाही. हडपसरहून सोलापूर रस्त्याला लागलं की हंगामात उसाच्या ट्रॉल्या दिसतात, त्यांच्या घाईमागेही हेच कारण आहे. तोडलेल्या उसात एन्झाइम सुक्रोज फोडत राहतं, सुटलेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज स्फटिक न होता मळीत जातं, आणि ऊस गाळपाला जायला जितका उशीर तितका साखरेचा उतारा कमी.

आता स्टार्च आणि सेल्युलोज. दोन्ही पॉलिसॅकराइड, म्हणजे कित्येक रेणू जोडून झालेल्या लांब साखळ्या, आणि दोन्ही निव्वळ ग्लुकोजचे. स्टार्चमध्ये अल्फा जोड असतो, त्यामुळे साखळी जिन्यासारखी गोल वळत जाते. सरळ साखळीचा भाग अमायलोज, फांद्या फुटलेला अमायलोपेक्टिन. सेल्युलोजमध्ये बीटा जोड असतो. तिथे प्रत्येक पुढचं ग्लुकोज उलटं बसतं, साखळी ताठ राहते, आणि शेजारशेजारच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरतात. कापूस जवळजवळ सगळा सेल्युलोजच.

हा फरक घरी डोळ्यांनी दिसतो. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणा. एका वाटीत शिजवलेल्या साबुदाण्याचं गार, पातळ पाणी घ्या, दुसरीत साध्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा. दोन्हींत एकेक थेंब टाका. साबुदाण्याचं पाणी क्षणात गडद निळं-जांभळं होतं, कारण आयोडीन त्या गोल वळणांच्या आत जाऊन बसतं. कापसाला शिरायला तशी पोकळीच नाही, तो पिवळट-तपकिरी राहतो. निळं पाणी गरम केलं की वळणं सैल होऊन रंग उडतो, गार केलं की परत येतो. वाट्या नंतर स्वच्छ घासा आणि त्यातलं काही तोंडात जाऊ देऊ नका.

आपल्या लाळेतलं आणि स्वादुपिंडातलं अमायलेज अल्फा जोड फोडतं. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो तो यामुळे. सेल्युलोजमधला बीटा जोड फोडणारं एन्झाइम आपल्या शरीरात नाही. गाईच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे, म्हणून ती कडब्यावर जगते. आपल्यासाठी सेल्युलोज म्हणजे चोथा, पोट साफ ठेवायला उपयोगाचा.

आता तुमच्या आईंचं. स्टार्चचा रेणू फार मोठा असल्याने जिभेला गोड लागत नाही, पण आतड्यात फुटला की त्याचं सगळं ग्लुकोजच होतं. १०० ग्रॅम साखर पूर्ण फुटली तर सुमारे ५३ ग्रॅम ग्लुकोज आणि तेवढंच फ्रुक्टोज मिळतं. १०० ग्रॅम शुद्ध स्टार्च पूर्ण फुटला तर सुमारे १११ ग्रॅम ग्लुकोज, कारण प्रत्येक जोड तुटताना पाण्याचा एक रेणू त्यात मिसळतो. कोरडा साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदातला जवळपास निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं आणि चोथा नावापुरतेच. खिचडीतल्या दाण्याच्या कुटाने आणि तुपाने पचन थोडं संथ होतं, हे खरं. तरी वाडगाभर खिचडी मधुमेहात जास्तच आहे, आणि साखर सोडून तिकडे वळणं हा पर्याय नव्हे. वरी किंवा भगर खायला सुचवणारे भेटतील. तिच्यातही स्टार्चच भरपूर असतो, त्यामुळे तीही बेतानेच.

घरी ग्लुकोमीटर असेल तर खिचडी खाण्याआधी आणि खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजा आणि ते आकडे डॉक्टरांना दाखवा. आई गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असतील तर चंद्रोदयापर्यंत उपाशी राहण्यात साखर एकदम खाली जाण्याचाही धोका असतो. त्यामुळे उपास करावा का आणि त्या दिवशी डोस किती घ्यायचा, हे पुढच्या संकष्टीआधीच डॉक्टरांना विचारून घ्या.