मायॅका : तारीख ठरवण्याआधी नदीचं पाणी बघा

फ्लोरिडातलं मायॅका रिव्हर स्टेट पार्क सारासोटाजवळ आहे. आय-75 महामार्गावर 205 क्रमांकाच्या एक्झिटला उतरून स्टेट रोड 72 नं पूर्वेकडे 9 मैल गेलं की फाटक येतं. आत सुमारे 37,000 एकरांत जंगल, गवताळ माळ, दोन तळी आणि त्यांना जोडणारी नदी. या महिन्यातली बहुतेक पत्रं या एकाच पार्कबद्दल असल्यामुळे सदराची सगळी जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : पुण्याहून सासू-सासरे जून ते ऑगस्ट आमच्याकडे टॅम्पाला येतायत. त्यांना अ‍ॅलिगेटर दाखवायचे आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार चालवणार नाही. एक दिवस पुरेल का?

एक दिवस पुरेल, पण स्पष्टच सांगायचं तर अ‍ॅलिगेटर बघायला हे तीन महिने सगळ्यात वाईट. मायॅकाचं खोरं ताटासारखं सपाट आहे. जूनमध्ये पावसाळा लागला की नदी काठ सोडून शेजारच्या माळावर पसरते. मार्चमध्ये उरलेल्या चार डोहांवर गर्दी करणारी जनावरं मग मैलोन् मैल पांगतात आणि उंच गवतात दिसेनाशी होतात. जूनच्या शेवटी माद्या अंडी घालतात, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून पिल्लं बाहेर पडतात. तेव्हा काठावरच्या गवतात घुसून शोधाशोध करणं मूर्खपणाचं. घरट्याजवळची मादी अंगावर धावून येते.

तरीही जायचंच असेल तर फाटक उघडतं त्या वेळी, म्हणजे सकाळी 8 वाजता आत शिरा आणि दुपारी 12 च्या आत बाहेर पडा. उन्हाळ्यात दोन्ही किनाऱ्यांकडून येणारे समुद्री वारे जमिनीवर एकमेकांना भिडतात, दुपारी ढग उभे राहतात आणि विजा पडायला लागतात. गडगडाट ऐकू आला की लाकडी पुलावर किंवा मनोऱ्यावर थांबायचं नाही, सरळ गाडीत बसायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच उतरायचं.

सासूबाईंसाठी गाडीतून फिरणं उत्तम. आतला मुख्य रस्ता सुमारे 7 मैलांचा आहे आणि नदीवरच्या पुलापाशी उतरलं तरी बरंच काही दिसतं. वरच्या तळ्यात थेट पाण्यावर नेणारी बर्डवॉक नावाची लाकडी पायवाट सपाट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. झाडांच्या शेंड्यांतून जाणारा कॅनॉपी वॉकवे मात्र त्यांच्यासाठी नाही. झुलता पूल जमिनीपासून 25 फुटांवर, शेजारचा मनोरा 74 फूट उंच, आणि चढायला फक्त जिना. सासऱ्यांना हौस असेल तर त्यांना पाठवा, सासूबाई खाली बाकावर बसून ओकच्या फांद्यांवरची नेच्याची रोपं बघतील. कोरड्या दिवसांत हा नेचा तपकिरी, चुरगळलेला, मेल्यासारखा असतो. एका पावसात तासाभरात उलगडायला लागतो आणि हिरवागार होतो. उन्हाळ्याचा हा एक निखळ फायदा. दुसरा म्हणजे शेपटीला खोल कात्री असलेली काळी-पांढरी घार, स्वॅलो-टेल्ड काइट. ती मार्चमध्ये येते आणि ऑगस्टपर्यंत दक्षिणेकडे निघून जाते, म्हणजे हिवाळ्यातल्या पाहुण्यांना दिसतच नाही.

निघायच्या आदल्या रात्री एक गोष्ट नक्की करा : पार्कमधल्या नदीच्या पातळीचा आकडा इंटरनेटवर बघा. तिथे 7 फुटांना पूर धरतात. आकडा त्याच्या आसपास असेल तर सखल वाटा पाण्याखाली असणार, रस्ताही बंद असू शकतो. 2022 मध्ये इयान वादळानंतर ही नदी इतकी चढली की पार्कपासून दूर, खालच्या अंगाला आय-75 महामार्गही काही काळ बंद ठेवावा लागला होता.

प्रवेशशुल्क एका गाडीला 6 डॉलर, गाडीत 8 माणसं चालतात. पुढच्या वेळी विमानाचं तिकीट काढताना फेब्रुवारी-मार्चचा विचार करा.

प्रश्न : डीप होलची परवानगी फोनवरून मिळत नाही म्हणतात. मग दोन तास गाडी चालवून जावं आणि परत फिरावं लागलं तर?

लागू शकतं. डीप होल पार्कच्या दक्षिणेकडच्या राखीव रानात आहे, आणि तिथे दिवसाला फक्त 30 जणांना सोडतात. परवाना फाटकाजवळच्या रेंजर स्टेशनवर, प्रत्यक्ष हजर असलेल्यांना, येईल त्या क्रमानं मिळतो. जानेवारी ते एप्रिलमधल्या शनिवार-रविवारी फाटक उघडण्याआधीच गाड्यांची रांग लागलेली असते. दोन तास लांब राहणाऱ्यांनी मंगळवार-बुधवार गाठावा, नाहीतर आदल्या रात्री पार्कमध्येच मुक्काम करावा.

डीप होल म्हणजे खालच्या तळ्यात चुनखडक खचून पडलेलं भगदाड. भोवतीचं तळं उथळ, आणि हे मात्र 130 फुटांहून खोल. कोरडे महिने पुढे सरकतात तसं तळं आटतं, मासे या खड्ड्यात जमतात आणि मागोमाग अ‍ॅलिगेटर. चांगल्या कोरड्या वर्षी काठावर शंभरावर अंग टाकून पडलेले दिसतात. पाऊस जास्त दिवस टिकलेल्या वर्षी मात्र इतकी चाल करून चार-पाच दिसले तर तक्रार करू नका.

वेळेचा एक बारकावा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थंड रक्ताचं जनावर आहे. हवा 70 अंश फॅरनहाइटच्या खाली गेली की ते खाणं सोडतं, 55 च्या खाली जवळपास सुस्त होतं. थंडीच्या लाटेत पहाटे ते पाण्यात असतं, पाणी हवेपेक्षा उबदार म्हणून. ऊन तापलं की बाहेर येऊन काठावर पसरतं. त्यामुळे जानेवारीत परवाना सकाळी 8 ला घ्या, पण डोहावर 10 च्या पुढे पोहोचा. एका बाजूची चाल दोन मैलांहून थोडी जास्त आहे आणि शेवटच्या टप्प्यात डोक्यावर पान नाही. माणशी किमान 2 लिटर पाणी, रुंद कडेची टोपी, आणि दुर्बीण. दुर्बीण नसेल तर जवळ जाण्याचा मोह होतो, म्हणून ती यादीत.

प्रश्न : किती अंतर ठेवायचं? मुलं 5 आणि 9 वर्षांची आहेत.

मोठ्या अ‍ॅलिगेटरपासून किमान 60 फूट, म्हणजे शाळेच्या दीड बसइतकं तरी. तो फुसफुसला किंवा तोंड उघडून तुमच्याकडे वळला तर तुम्ही आधीच फार जवळ आहात, मागे सरका. पाण्याच्या कडेला मुलांना बसू देऊ नका, विशेषतः संध्याकाळी. खायला घालणं फ्लोरिडात बेकायदा आहे, आणि त्यामागचं कारण साधं आहे : माणूस दिसला की खाणं मिळतं हे शिकलेलं जनावर शेवटी मारावं लागतं. मासळी साफ करून उरलेले तुकडे पाण्यात भिरकावणं हेही त्यातच आलं.

प्रश्न : तंबूची जाळी पूर्ण बंद होती, तरी दुसऱ्या दिवशी घोट्यांवर आणि कमरेभोवती भयंकर खाज सुटणारे लाल फोड आले. तंबूत काय शिरलं असेल?

तंबूत काहीच शिरलं नाही. मोजे जिथे संपतात आणि पट्टा जिथे आवळतो तिथेच फोड, आणि खाज काही तासांनी सुरू, ही चिगरची खूण. गवतातल्या एका माइटची ही अळी डोळ्यांना धड दिसत नाही. ती कपड्यांवर चढते आणि घट्ट जागा सापडेपर्यंत वर सरकत राहते. ती कातडीत शिरून बसत नाही, त्यामुळे फोडावर नेलपॉलिश लावून तिला गुदमरवण्याचा उपाय फुकट. फिरून आल्यावर लगेच साबणानं घासून आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा, खाजेवर हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लावा.

पुढच्या खेपेला 0.5 टक्के परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा विजारीवर, मोज्यांवर आणि बुटांवर निघण्याच्या आदल्या दिवशी उघड्यावर मारून पूर्ण वाळू द्या. हे अंगाला लावायचं नाही. ओलं असताना मांजरासाठी ते जीवघेणं असतं, तेव्हा घरात मांजर असेल तर वाळेपर्यंत दूर ठेवा. कातडीसाठी कीटक पळवणारं 20 टक्के पिकारिडिन किंवा 20 ते 30 टक्के डीट. आधी सनस्क्रीन, त्यावर हे. उलट केलंत तर सनस्क्रीन चोळताना औषध पुसलं जातं.

जाळीतून खरोखर शिरणारा कीटक वेगळा : नो-सी-अम नावाची सूक्ष्म चिलटं. त्यांचे डाग टाचणीच्या टोकाएवढे, पुष्कळ आणि उघड्या अंगावर असतात. साध्या डासांच्या जाळीला ती जुमानत नाहीत, तंबू घेताना अतिबारीक विणीची जाळी बघून घ्या. आणि चावताक्षणी आग होऊन दुसऱ्या दिवशी पांढरा पू धरलेला फोड आला तर ती फायर अँट. तो फोड फोडू नका. तंबू लावण्याआधी जागेवर भुसभुशीत वाळूचे ढीग आहेत का ते बघा, काठीनं टोचा. मुंग्या उसळल्या तर दुसरी जागा.

प्रश्न : आम्ही जॉर्जियात राहतो. कॅम्पसाइट कधीही बघितली तरी भरलेली. काही युक्ती?

फ्लोरिडाच्या रहिवाशांना 11 महिने आधी आरक्षण करता येतं, बाहेरच्यांना 10 महिने आधी. 2024 पासूनचा हा नियम. हिवाळ्यातले शनिवार-रविवार त्या एका महिन्याच्या फरकातच संपतात. तुम्ही जॉर्जियात राहता, त्यामुळे शनिवार-रविवारचा नाद सोडा, रविवार ते गुरुवार धरा, आणि मुक्कामाच्या आधीच्या दोन आठवड्यांत रोज एकदा साइट उघडून बघा. लोक शेवटी शेवटी बऱ्याच जागा सोडतात. एका रात्रीचे 26 डॉलर, वर कर, आणि आरक्षणाचे 6.70 डॉलर, जे परत मिळत नाहीत. एका जागेवर 8 माणसं. पॅल्मेटो रिज हा भाग खडीचा आहे. तिथे तंबूच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या वाकतात, पोलादी न्या. जळाऊ लाकूड घरून आणू नका, लाकडातून झाडं मारणारे भुंगेरे पसरतात. तिथेच जवळपास विकत घ्या.

प्रश्न : पाठपिशवी घेऊन मॉसी हॅमकला एक रात्र राहायचं आहे. पाण्याची सोय काय?

पार्कच्या आत पायी जायच्या मुक्कामांतली ही सगळ्यात जवळची जागा, दोन मैलांहून थोडी जास्त चाल. बी आयलंड पाच मैलांच्या पुढे. पहिल्यांदा जाणाऱ्यानं मॉसी हॅमकच निवडावं. आतल्या मुक्कामांवर हातपंप असतात, पण त्यांचं पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये.

पंप कोरडा पडला की दांडा नुसता हलतो, पाणी येत नाही. आतल्या दट्ट्याचा चामडी वॉशर सुकून आकसलेला असतो, बाजूनं हवा जाते, म्हणून ओढ बसत नाही. त्यासाठी जाताना एक लिटर पाणी वेगळं ठेवा, ते पिऊ नका. त्यातलं अर्धं पंपाच्या वरच्या तोंडात हळूहळू ओता, दोन मिनिटं थांबा, वॉशर भिजून फुगू द्या. मग उरलेलं ओतता ओतता दांडा छोट्या, जलद झटक्यांनी हलवा. हाताला जडपणा जाणवला की पाणी वर चढलं. आता पूर्ण दांडा मारा, पहिली बादलीभर गढूळ धार सोडून द्या, आणि आधी ती राखीव बाटली भरून ठेवा, सकाळी पुन्हा लागेल.

हे पाणी फडक्यातून गाळून 1 मिनिट खळखळून उकळा. गोळ्या वापरणार असाल तर क्लोरिन डायऑक्साइडच्या घ्या आणि पाकिटावरची वेळ पूर्ण थांबा. क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट जंतूसाठी ती 4 तास असते, अर्धा तास नव्हे. पाण्याला गंधकाचा वास आला तर घाबरू नका, फ्लोरिडाच्या भूजलाला तो असतोच. उकळी जंतू मारते, वासाचं काही सांगता येत नाही. लिंबू न्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला जाणार असाल तर मात्र पंपाची चिंता नाही, वाटेची आहे. पावसाळ्याच्या शेवटी या वाटांवर घोट्यापासून मांडीपर्यंत पाणी असतं आणि त्या गढूळ पाण्यात पाय टाकताना खाली कॉटनमाउथ साप आहे की फांदी, हे कळत नाही. डिसेंबरपर्यंत थांबा.

प्रश्न : भारतातून आणलेला मिक्सर कॅम्पसाइटच्या खांबावर चालेल का?

नाही. तिथे 120 व्होल्ट आहेत, मिक्सर 230 व्होल्टचा. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्ट वाढवत नाही, मोटर जेमतेम फिरेल. चटणी घरून वाटून न्या, आणि रात्री डबा गाडीत बंद ठेवा. तिथल्या रॅकूनला कूलरची खिटी उघडता येते.