कारण काय लिहू म्हणून विचारू नकोस

प्रिय पोरा,

तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला, तेव्हापासून झोप नाही. लॉकरमध्ये तुझ्या व्यसनावरच्या औषधाच्या गोळ्यांची पट्टी सापडली, एचआरनं केबिनमध्ये बसवून गोड बोलत सांगितलं की आपणहून राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील. आणि तू मला विचारायलास, "काका, राजीनाम्यात कारण काय लिहू?"

काही लिहू नकोस. राजीनामाच लिहू नकोस.

तू चांगला आहेस, धीर धर, वगैरे मी सांगणार नाही. ते तुला माहीत आहे. मागच्या महिन्यात घरी आला होतास, ओट्यावर बसून गोळी जिभेखाली ठेवलीस. तुझ्या काकूनं चहा विचारला तर हातानंच थांब म्हणालास. दहा मिनिटं बोलला नाहीस. गोळी विरघळेपर्यंत गिळायचं नाही, बोलायचं नाही. काकू आत येऊन म्हणाली, पोरगं जरा आखडूच दिसतंय. मग तू स्वतःच हाक मारलीस, "काकू, आता द्या." पाठदुखीला म्हणून मेडिकलवाल्यानं चिठ्ठीशिवाय ट्रामाडॉल दिलं, सवय लावणारी वेदनाशामक गोळी, तू त्यात अडकलास, आणि आता ती सवय सोडवायला डॉक्टरनं लिहून दिलेल्या ब्युप्रेनॉर्फिननं, त्या जिभेखालच्या गोळीनं, ड्युटीला वेळेवर जातोस. केबिनवाल्यांना नशा आणि औषध यातला फरक कळत नाही. ठीक आहे, त्यांना कळेल. पण तू सही करून दिलीस तर कळायचं काही कारणच उरणार नाही.

आता माझं ऐक. 1998 ची गोष्ट. वाळूजला आमच्या प्रेसशॉपमध्ये एकाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. दुखणं थांबेना म्हणून पेंटाझोसिन या वेदनाशामकाची इंजेक्शनं सुरू झाली आणि ती सुटेनात. मॅनेजरनं मला बोलावलं, मी युनियनचा सरचिटणीस. म्हणाला, त्याला समजाव, हिशेब पूर्ण देतो, बदनामी नको. मी समजावलं. त्याला लिहिता येईना, म्हणून राजीनामा मी लिहिला. माझं अक्षर चांगलं. "घरगुती अडचणीमुळे." सही त्यानं डाव्या हातानं केली, वेडीवाकडी.

दोन महिन्यांनी तो आला, परत कामावर घ्या म्हणाला. कंपनीनं तोच कागद पुढं केला. वकिलाकडे गेलो तर वकील म्हणाला, काढलं असतं तर भांडलो असतो, हा तर स्वतःच गेला. जबरदस्तीनं लिहून घेतलं हे सिद्ध करायचं त्यानं, आणि अक्षर कुणाचं? माझं!

मी तरी काय करणार होतो? तेव्हा पन्नास पोरांना परमनंट करण्याची बोलणी चालू होती, एका माणसापायी ती मोडली असती. 1995 चा अपंगांचा कायदा होता, पण त्यातली नोकरीची हमी सरकारी आस्थापनांपुरती. हे सगळं खरं आहे. तरी नंतर एकदा तो वैजापूरच्या एसटी स्टँडवर दिसला आणि मी पेपर वर केला, हेही खरं आहे.

म्हणून सांगतो, राजीनामा लिहायचा नाही. काढायचं असेल तर त्यांनी लेखी काढावं.

तू अमेरिकेच्या कायद्याचा कागद पाठवलास, तो वाचला. तिथं 1990 पासून अपंगांच्या हक्कांचा कायदा आहे, आणि एप्रिल 2022 मध्ये त्यांच्या न्याय खात्यानं स्पष्ट लिहून दिलं की डॉक्टरच्या देखरेखीखाली व्यसनावर मेथाडोन किंवा तुझं ब्युप्रेनॉर्फिन घेणं म्हणजे बेकायदा नशा नव्हे. त्या औषधामुळं कामावरून काढलं तर तो भेदभाव धरता येतो. पण जो आजही बेकायदा नशा करतोय त्याला हे संरक्षण नाही, आणि काम धोक्याचं असेल तर त्या माणसाची नेमकी स्थिती तपासायची, आजाराचं नाव ऐकून घाबरायचं नाही. तर्क सरळ आहे आणि मला पटला. फक्त तो कायदा तिकडचा आहे. आपल्या एचआरला त्याची प्रिंट दाखवलीस तर तो हसेल.

आपल्याकडं काय आहे ते नीट बघ, फुगवून सांगत नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात व्यसनाधीनता नावानं नाही. मानसिक आजार आहे. आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याची मानसिक आजाराची व्याख्या दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितीलाही धरते. तो कायदा उपचाराचा, नोकरीचा नव्हे, पण तुझ्या उपचाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यातच आहे. दोन कायद्यांचा सांधा जुळवायचा वकिलाला, जुळेलच असं नाही. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात म्हटलं, की मानसिक अपंगत्व हे शिस्तभंगाच्या कारवाईमागचं एक कारण असलं तरी तो भेदभाव ठरू शकतो. ते प्रकरण सरकारी नोकरीचं, हे विसरू नकोस. आणि 40 टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र आरक्षणाला लागतं, भेदभावाची तक्रार करायला ती अट नाही. तुला कुणी उलट सांगितलं असेल तर त्याला माझा नंबर दे.

म्हणजे तुझी बाजू लंगडी आहे का? थोडी आहे. पण राजीनामा दिलास तर बाजूच नाही.

आणि ते दुसरं काय लिहिलंयस? "गोळी बंद करून दाखवतो, मग विश्वास बसेल." डोकं ठिकाणावर आहे का? गोळी बंद केलीस, महिन्यानं तलफ आली आणि जुन्या हिशेबानं नशेचा डोस घेतलास, तर शरीराची तेवढं सोसायची सवय गेलेली असते. माणसं तशीच मरतात. डोस कमी करायचा की नाही हे डॉक्टर ठरवील. एचआरला फार तर सुट्ट्या ठरवू दे.

उद्या एवढं कर. डॉक्टरकडून चिठ्ठी घे, त्यात लिहून घे की डोस स्थिर आहे आणि मशीनवर काम करायला हरकत नाही. डॉक्टर हरकत आहे म्हणाले तर तेही लिहून घे आणि दुसरं काम माग. मग एचआरला दोन ओळींचा मेल: "मी डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध घेतो, दर मंगळवारी गोळ्या आणायला जावं लागतं, त्या दिवशी सेकंड शिफ्ट द्यावी." बस. आजाराचं पुराण सांगत बसू नको. तोंडी दिलेलं उत्तर ऐकून घे आणि त्याच दिवशी मेलनं परत पाठव, "आपण असं म्हणालात." पुन्हा केबिनमध्ये बोलावलं तर एकटा जाऊ नको. आणि कालच घाईत काही सही करून आला असशील, आता सांगायची लाज वाटत असेल, तर लाज नंतर वाटू दे. मंजुरीचं पत्र हातात पडायच्या आत "राजीनामा मागे घेतो" असा मेल टाक. आजच रात्री.

मंगळवारी गोळ्या घेऊन परस्पर इकडे ये. चिठ्ठीची झेरॉक्स नको, मूळ प्रत आण, आणि चार कोरे कागद. अर्ज मी लिहून देतो, अक्षर अजून बरं आहे.

तुझा काका