दक्षिण सुदानला निघण्यापूर्वी

खानापूर तालुका,
जिल्हा बेळगाव

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत दक्षिण सुदानला जाणाऱ्या पलटणीबरोबर नर्सिंग असिस्टंट म्हणून तुझी नेमणूक झाल्याचे तुझ्या वडिलांनी परवा बाजाराच्या दिवशी सांगितले. त्यांच्या बोलण्यात अभिमान होता आणि काळजीही होती. दोन्ही रास्त आहेत. लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटरमध्ये तू जे शिकलास ते मीही तिथेच शिकलो, आणि पुढे परदेशी निघालेल्या तुकड्यांची तयारी नोकरीत जवळून पाहिली. म्हणून, निघण्याआधीचे हे महिने तू कसे वापरावेस याबद्दल मला जे ठामपणे वाटते ते लिहितो.

तुझ्या वयात वाटते की आपले खरे काम जखमी जवानाजवळ पोहोचल्यावर सुरू होते. पण संयुक्त राष्ट्रांचा नियम बघ. रक्तस्राव थांबवणे आणि श्वासमार्ग मोकळा करणे 10 मिनिटांच्या आत, प्रशिक्षित वैद्यकीय पथकाचे उपचार 1 तासाच्या आत आणि जीव वाचवणारी शस्त्रक्रिया 2 तासांच्या आत, अशी त्यांची मोजणी आहे. यातल्या पहिल्या दहा मिनिटांत तू त्या जवानाजवळ असशीलच असे नाही. बहुतेक वेळा नसशीलच. कंपनीची माणसे वेगवेगळ्या गस्तींवर आणि ताफ्यांबरोबर विखुरलेली असतात, आणि मांडीची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. जोंगलेई प्रांतात 2013 च्या एप्रिलमध्ये ताफ्याच्या संरक्षणासाठी निघालेल्या आपल्या जवानांवर दबा धरून हल्ला झाला आणि त्यात पाच जवान हुतात्मा झाले. अशा वेळी पहिला हात लागतो तो शेजारच्या जवानाचा. त्या हाताला तू इथे काय शिकवलेस, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. म्हणून तयारीच्या काळातले तुझे सर्वांत मोठे काम स्वतः शिकणे हे नसून शिकवणे हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आरएमओ साहेबांना, म्हणजे पलटणीच्या डॉक्टरांना, विचारून प्रत्येक सेक्शनसाठी, म्हणजे जवानांच्या प्रत्येक छोट्या गटासाठी, रोज थोडा वेळ मागून घे. व्याख्यान देत बसू नकोस. टूर्निकेट, म्हणजे हातापायाचे रक्त थांबवायला दांडीने पिळून आवळायचा पट्टा, हातात दे. पट्टा जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर कधीही नाही. दांडी रक्त थांबेपर्यंत पिळायची, समोरचा ओरडला तरी. मग दांडी अडकवायची आणि वेळ लिहायची. एकदा बांधलेला पट्टा ‘बघू या थांबले का’ म्हणून सैल करायचा नाही, हे त्यांच्या मनावर पक्के बिंबव. जमू लागले की बुलेटप्रूफ जाकीट घालून, मग एकाच हाताने, मग दिवे बंद करून करायला लाव. हातांना साबणाचे पाणी लावून करायला लाव, कारण रक्त फार निसरडे असते आणि कोरड्या हाताने शिकलेला जवान पहिल्याच वेळी गोंधळतो. सरावाचे टूर्निकेट वेगळे ठेव. पुन्हा पुन्हा पिळलेला पट्टा ऐन वेळी दगा देतो. जांघेत आणि काखेत पट्टा बसत नाही, तिथे रक्त थांबवणारी जाळी जखमेच्या तळापर्यंत बोटाने ठासून किमान 3 मिनिटे पूर्ण भार देऊन दाबायची असते. या 3 मिनिटांत प्रत्येक जण मध्येच हात उचलून बघतो. घड्याळ लावून त्यांची ती सवय मोड.

दुसरी गोष्ट, जी पुस्तकात एका ओळीत असते आणि तिथे रोज भेटते, ती म्हणजे वाट. साधारण मे ते ऑक्टोबर तिथे पावसाळा असतो आणि मलकालच्या बाजूची जमीन काळी, चिकट आहे. सौंदत्ती-बैलहोंगलकडच्या एरीत, म्हणजे काळ्या जमिनीत, पावसात बैलगाडी कशी रुतते ते तू लहानपणी पाहिले असशील. तशीच जमीन, पण मैलोन् मैल आणि पक्क्या रस्त्याविना. रुग्णवाहिका निघत नाही, हेलिकॉप्टर हवामानासाठी थांबते, आणि कागदावरचे दोन तास लांबत जातात. तेव्हा जखमीला तासन् तास जिवंत आणि स्थिर ठेवण्याचा सराव तुला इथूनच हवा. दर पंधरा मिनिटांनी नाडी, श्वास आणि शुद्ध यांची नोंद करणे, सलाइनचा हिशेब ठेवणे, एका कुशीवर फार वेळ न ठेवणे, लघवी किती झाली ते पाहणे, ही साधी शुश्रूषा आहे आणि तीच माणूस तगवते. तसेच, उकाड्याचा प्रदेश असला तरी खूप रक्त गेलेला माणूस गार पडतो आणि गार रक्त नीट गोठत नाही. म्हणून घोंगडी तुझ्या सामानात हवी, कोणी काही म्हणो. रक्तस्रावावरचे ट्रानेक्झॅमिक अॅसिड पहिल्या 3 तासांतच द्यायचे असते. ते कोणी, कधी आणि किती द्यायचे हे आरएमओ साहेबांकडून लेखी घेऊन ठेव.

आता रोजच्या आजारांविषयी. गोळीपेक्षा डास आणि पाणी जास्त जवानांना खाटेवर घालतात. तिथला मलेरिया मुख्यतः फॅल्सिपॅरमचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. प्रतिबंधक गोळी डॉक्सिसायक्लिन असेल तर रोज आणि परतल्यावरही 4 आठवडे घ्यावी लागते. मेफ्लोक्विन असेल तर आठवड्यातून एकदा, पण ती निघण्याच्या 2 ते 3 आठवडे आधी सुरू करावी लागते. काहींना मेफ्लोक्विनने वाईट स्वप्ने पडतात, मन अस्वस्थ होते. असा जवान लाजेने काही न बोलता गोळी खिशात ठेवतो. त्याला इथेच ओळख आणि साहेबांना सांगून औषध बदलून घे. फॉल-इनच्या वेळी, म्हणजे जवान हजेरीला रांगेत असताना, गोळी तोंडात जाऊन वर पाणी प्यायले जाईपर्यंत समोर उभा राहा. परतल्यानंतर सुट्टीत गावी ताप आला, तर ‘मी आफ्रिकेतून आलो आहे’ हे डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगायचे, हेही सर्वांकडून वदवून घे.

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी व्हायला हवी. तिच्या आधी अंड्याची अॅलर्जी आहे का ते प्रत्येकाला विचार. आपल्याकडचे बरेच जवान अंडे खातच नाहीत आणि त्यामुळे विचारल्यावर सहज ‘नाही’ म्हणतात. अशांची वेगळी नोंद करून साहेबांपुढे ठेव.

सर्पदंशाबद्दल विशेष सावध राहा. उसाच्या फडात वाढलेल्या आपल्या मुलांना साप नवीन नाही, आणि म्हणूनच त्यांना वाटते की दवाखान्यात लस असली की झाले. आपल्या देशात बनणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांसाठी असते. आफ्रिकेतल्या ब्लॅक माम्बा किंवा पफ अॅडरवर त्याचा भरवसा धरता येत नाही. तिथल्या सापांवर चालणारे प्रतिविष कुठल्या रुग्णालयात ठेवलेले आहे, हे पोहोचल्याच्या दिवशी विचारून घे.

दातांचे आताच बघ. सांगण्यासारखी मोठी गोष्ट वाटत नाही, पण किडलेली दाढ परदेशात चांगला जवान आठवडाभर निकामी करते. निपाणी-चिकोडीकडच्या मुलांना तंबाखूची सवय असते, त्यांची तोंडे नीट तपासून घे. शेप-वनचा, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीचा, शिक्का पडला म्हणून दात तपासायचे राहू देऊ नकोस.

एमआय रूममधली, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यातली, सकाळची सिक रिपोर्ट, म्हणजे आजारी जवानांची तपासणी, तुला कंटाळवाणी वाटत असेल: तेच पाय मुरगळणे, तेच पोट बिघडणे, आणि पीटी चुकवायला आलेला एखादा. तिथेच तू तुझी माणसे ओळखतोस. एक छोटी वही कर आणि तीत प्रत्येकाचा रक्तगट, अॅलर्जी, जुने आजार, चालू औषधे लिही. रक्तगट गळ्यातल्या बिल्ल्याशी ताडून बघ. कोणाचा रक्तदाब वाढतो, कोण घरच्या भांडणाने झोपत नाही, कोणाला गुप्तरोगाची शंका आहे, हे तुला कळेल. ते साहेबांखेरीज कोणालाही कळता कामा नये. लंगरमध्ये, म्हणजे पलटणीच्या जेवणघरात, एकाचे गुपित एकदा फुटले की दुसरा तुझ्याकडे येणे बंद करतो, आणि मग त्याचा आजार तुला फार उशिरा दिसतो.

बॅग स्वतः भर आणि रोज त्याच क्रमाने भर. कोणती वस्तू कुठल्या कप्प्यात आहे हे डोळे मिटून सांगता आले पाहिजे. आपल्या 60 पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्सची, म्हणजे रणांगणाजवळ उपचार करणाऱ्या लष्करी वैद्यकीय तुकडीची, कोरियातल्या युद्धातली हकिकत तुला ठाऊक असेल. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ती तुकडी 1950 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे पोहोचली, आणि थोड्याच दिवसांत प्योंगयांग सोडण्याची वेळ आली तेव्हा वाहने नव्हती. तरीही सामान मागे टाकायला ते तयार झाले नाहीत. एक जुने रेल्वे इंजिन मिळवून, ते चालू करून त्यांनी सारे साहित्य बाहेर काढले. औषधे आणि उपकरणे गेली की फील्ड अॅम्ब्युलन्स उरत नाही, हे त्या माणसांना नेमके माहीत होते.

तुझ्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी दिल्ली-पंजाबकडच्या सोबत्यांकडे सहसा नसते. आपण सीमाभागातली माणसे. घरात मराठी, बाजारात कन्नड, पलटणीत हिंदी. आजारी म्हातारीला तिच्या भाषेत ‘नोवु एल्लिदे?’ विचारले की ती पदर सारून दुखरी जागा दाखवते, हे तू गावात पाहिलेले आहेस. तिथे स्थानिक लोकही मदतीसाठी येतील. जुबाची अरबी भाषा लोकांत बऱ्यापैकी चालते. दुखते कुठे, कधीपासून, मूल पाणी पिते का, लघवी झाली का, एवढे प्रश्न निघण्याआधी शिकून घे; दुभाषी प्रत्येक वेळी जवळ नसेल.

घरची कागदपत्रे, बँकेतले नॉमिनीचे नाव आणि आईच्या औषधांची सोय येत्या सुट्टीत पूर्ण कर. आईला तिथल्या बातम्या दाखवत बसू नकोस. फोन कोणत्या दिवशी येईल आणि नाही आला तर कोणाला विचारायचे, एवढे तिला सांगून ठेव. सुट्टीत आलास की सरावाचे टूर्निकेट घेऊन माझ्याकडे ये. सेक्शनला कसे शिकवतोस ते मला करून दाखव. जवान म्हणून मी बसेन.

तुझा,
काका