चव्हाट्यावर की चावडीवर?

दक्षिण गोव्यातल्या काणकोणच्या एका वाचकांनी विचारलं आहे : परदेशातल्या एका फुटबॉलपटूच्या विवाहबाह्य संबंधांची बातमी एका दैनिकानं 'प्रकरण चव्हाट्यावर' अशी दिली, दुसऱ्यानं 'प्रकरण चावडीवर'. बरोबर कोणतं, की दोन्ही एकच?

एकच कसे असतील! तुमच्या तालुक्याच्या मुख्य गावाचंच नाव चावडी, आणि तुम्हीच हे विचारता? पण दोष तुमचा नाही. बातम्या देणाऱ्यांनी या दोन शब्दांची अशी काही खिचडी केली आहे की ऐकवत नाही.

चावडी दक्षिणेकडची. कन्नडात चावडी, तमिळात सावडी. पाटील-कुलकर्णी बसायचे, सारा भरला जायचा, दप्तर असायचं ती जागा. तिच्यात 'चौ' म्हणजे चार शोधणाऱ्यांनी गोव्याच्या सीमेवरचा पोळ्याचा नाका ओलांडून कारवारला एक चक्कर मारावी.

चव्हाटा मात्र मजेदार आहे. 'चार वाटा मिळतात तो चव्हाटा' असं शाळेत घोकवतात, मोठमोठे जाणकारही तेच सांगतात. मग मधला 'ह' काय आभाळातून पडला? जुन्या मराठीत 'चोहटा' आहे, प्राकृतात 'चउहट्ट', हिंदीत 'चौहट्टा'. हट्ट म्हणजे हाट, बाजार. सुरतेचा चौटा बाजार आठवा. वाटांचाच प्रश्न असता तर तीन वाटांचा आमचा तिठाही बदनाम झाला असता. तिठ्यावर कुणी कुणाचं काही 'आणत' नाही, माणसं बसची वाट बघतात. कोकणात चव्हाटा हे देवस्थानही असतं, बेळगावात चव्हाट गल्ली आहे, म्हणून चव्हाटा म्हणजे न्यायाची जागा, असं एक स्नेही मला दर चतुर्थीला ऐकवतात. ऐकवोत. देव बाजारातही बसतो. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेत जाऊन पाहा.

तेव्हा चव्हाट्यावर आणणं म्हणजे नुसतं उघड करणं नव्हे, विकायला मांडणं. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात चवरीस (गोव्याचं डुकराचं सॉसेज) आणि खारं (सुकी मासळी) मांडतात तसं.

आणि गंमत म्हणजे कायद्यालाही हा फरक कळतो. 1994 साली राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणाच्या घरच्या, लग्नाच्या गोष्टी संमतीशिवाय छापू नयेत. पण जे सार्वजनिक नोंदीत, अगदी कोर्टाच्या कागदांत आलं आहे, त्यावर लिहायला सहसा आडकाठी नाही. (खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं नऊ न्यायाधीशांनी 2017 मध्ये एकमुखानं सांगितलं.) म्हणजे चावडीच्या दप्तरातलं छापा, घरातलं उचलून हाटात नेऊ नका. 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जनं लंडनच्या कोर्टाकडून नाव छापण्यावर मनाई आणली होती. ट्विटरवर ते आधीच फुटलं होतं, तरी छापायची सोय नव्हती. शेवटी एका खासदारानं संसदेत उभं राहून नाव घेतलं, कारण तिथल्या बोलण्यावर खटला चालत नाही. आता ही चावडी की चव्हाटा? मला विचाराल तर चावडीच्या ओट्यावर उभं राहून हाटात फेकलेला माल.

तुमच्या मथळ्याचं राहिलंच. खेळाडू घटस्फोटासाठी कोर्टात गेला असेल तर 'चावडीवर' चालेल. छायाचित्रकारानं कुंपणावरून फोटो काढले असतील तर 'चव्हाट्यावर'. आणि कृपा करून 'चौहाट्यावर' लिहू नका, तेही परवा वाचलं.