तळं म्हणजे काय कंबर तलाव नव्हे

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की आम्ही दोघं अमेरिकेत मिशिगन तळ्यावर मोटरबोटीनं गावोगावची बंदरं करत अठरा दिवस फिरलो. त्यावर एवढी पत्रं आली की या खेपेला लोणची, सासूबाई, गुडघेदुखी सगळं बाजूला ठेवून फक्त बोटीचे प्रश्न घेतेय.

प्रश्न : ताई, आमचे मिस्टर मार्चमध्ये रिटायर झाले. मुलगा शिकागोत असतो, त्यानं तिथं ३२ फुटी जुनी मोटरबोट घेतलीय आणि म्हणतोय की उन्हाळ्यात तुम्ही दोघं या, तळ्याच्या कडेकडेनं एकेक बंदर घेत मॅकिनॉ बेटापर्यंत जाऊन या. ह्यांनी व्हिडिओ बघून बघून आत्ताच कॅप्टनची टोपी घेतलीय. मला पोहता येत नाही. "तळंच आहे की, समुद्र थोडाच आहे," असं हे म्हणतात. खरं सांगा, जमंल का आम्हाला? (जुळे सोलापूर)

उत्तर : वहिनी, टोपी घेतली ते बरं झालं, पाण्यावर ऊन लई लागतं. पण "तळंच आहे की" हे वाक्य तेवढं त्यांना विसरायला लावा. आपल्याला तळं म्हटलं की सिद्धेश्वराचं तळं नाहीतर कंबर तलाव आठवतो, पलीकडं कोण उभंय ते इकडनं ओळखू येतं. मिशिगन ४९४ किलोमीटर लांब आहे, आपल्या स्टेशनातनं मुंबईला गाडी जाते ते अंतर ४५५, म्हणजे त्याहून जास्तच, आणि जिथं सगळ्यात रुंद आहे तिथं १९० किलोमीटर, पलीकडचा काठ दिसायचा प्रश्नच नाही. आमच्या ह्यांनी तिथं बसून पाण्याचा हिशोब टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, काढला (सोलापूरचा माणूस, दुसरं काय करणार), उजनी शंभर टक्के भरली की ११७ टीएमसी, तर तसल्या जवळजवळ दीड हजार उजन्या त्या एका तळ्यात मावतात.

आता जमंल का, तर जमतं, पण पहिल्यांदाच दोघंच सुटू नका. आम्ही माझ्या मावसभावाच्या बोटीवर होतो, तो आणि त्याची बायको ग्रँड हेवनला राहतात, वीस वर्षं बोट चालवतात, त्यामुळं आमच्याकडं दोर धरणं, भांडी घासणं आणि घाबरणं एवढीच खाती होती. तुमच्या मुलाला आठवडाभर सुट्टी काढायला सांगा आणि आधी त्याच्याबरोबर दोन-तीन बंदरं करा, मग ठरवा. शिकागो ते मॅकिनॉ शिडाच्या बोटींची शर्यत होते, १८९८ मध्ये सुरू झालेली, तिचं अंतर ३३३ मैल धरतात, तुम्ही कडेकडेनं वळसे घेत जाणार म्हणजे त्याहून जास्त होणार. (तिथं मैलातच बोलतात सगळे, दोन दिवसांत सवय होते.)

तुम्ही आपल्याकडची माणसं आहात म्हणून सोप्पं करून सांगते, पंढरीला पालखी कशी येते, आज ह्या गावात मुक्काम, उद्या पुढच्या, तसंच हे. मिशिगन राज्यानं १९४७ साली ह्या कामाला वेगळं मंडळ नेमलं आणि काठानं साधारण तीस-तीस मैलांवर बंदर असावं असं धोरण ठेवलं, वारा उठला तर छोट्या बोटीला पळून आत शिरायला जागा पाहिजे म्हणून. आम्ही ग्रँड हेवन, पेंटवॉटर, लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट, लीलंड, शार्लव्हॉय असं करत मॅकिनॉला गेलो. आमची बोट आठ नॉटनं जायची म्हणजे तासाला पंधरा किलोमीटर, आपली सायकल बरी, पण तीस मैल साडेतीन तासांत होतात आणि दुपारचं जेवण धक्क्यावर.

बहुतेक गावांची ठेवण एकसारखी आहे. नदी तळ्याला मिळते तिथं मागं एक छोटं शांत तळं असतं, तिथनं मोठ्या तळ्यात यायला सरळ कालवा काढलेला, कालव्याच्या दोन्ही बाजूंनी सिमेंटचे लांब बांध पाण्यात गेलेले आणि बांधाच्या टोकाला दीपस्तंभ. ग्रँड हेवनचे दोन्ही लालभडक आहेत, बांधावरनं त्यांच्याकडं जायला लोखंडी पूल. आत गेलं की पाणी परातीसारखं. पण आत जायच्या त्या दोन बांधांच्या मधलीच जागा वाईट, पश्चिमेचा वारा सुटला की लाटा दोन्ही भिंतींवर आपटून परत येतात आणि बोट रवीसारखी घुसळते. आणि वारा बहुतेक वेळा पश्चिमेचाच असतो, आणि तुम्ही पूर्वेच्या काठानं जाणार, म्हणजे शंभर किलोमीटर पाण्यावरनं पळत आलेली लाट तुमच्या अंगावर. शिवाय तळ्यातली लाट समुद्रासारखी लांब नसते, आखूड आणि उभी, एक संपायच्या आत दुसरी. पाच-सहा फुटांची लाट ऐकायला काही वाटत नाही, बसून बघा मग.

म्हणून अठरा दिवसांतले आम्ही नऊच दिवस चाललो. बाकीचे नऊ दिवस बसून. हे व्हिडिओत कोण दाखवत नाही. लडिंग्टनला तीन दिवस अडकलो, रोज पहाटे पाचला भाऊ रेडिओवर हवामान ऐकायचा आणि मान हलवायचा, की आम्ही परत झोपायचो. तिथनं बॅजर नावाची गाड्या वाहून नेणारी आगबोट तळं ओलांडून विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटोवॉकला जाते, १९५३ पासून चालू आहे आणि अजून कोळशावर चालते. आमचे हे जन्मभर मिलमध्ये, त्यामुळं बॉयलर म्हटलं की माहेर आल्यासारखं, तिन्ही दिवस तिची सुटायची वेळ गाठून धक्क्यावर उभे. तर वहिनी, मुलाला परतीचं विमान मोकळं ठेवायला सांगा, अमक्या तारखेला मॅकिनॉला पोचायचंच असं ठरवून निघालेली माणसंच नको त्या दिवशी बाहेर पडतात. पहाटे निघा, दुपारच्या आत बांधून टाका, दुपारनंतर वारा वाढतो.

पोहता येत नाही त्याचं टेन्शन घेऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तिथं पोहता येणाऱ्यालाही जूनमध्ये पाणी एवढं गार असतं की पडल्या पडल्या श्वास अडकतो, त्यामुळं लाईफजॅकेट दोघांनीही, डेकवर पाय ठेवल्यापासून, टोपीवाल्यांनीसुद्धा. आणि रेडिओचा सोळा नंबरचा चॅनल संकटाचा, तो कसा दाबायचा, आपण कुठं आहोत ते कसं सांगायचं हे तुम्ही स्वतः शिकून घ्या, कारण तेच पाण्यात पडले तर बोलणार कोण?

अजून एक, पाण्यात लाल आणि हिरवे बोये, म्हणजे वाट दाखवायच्या खुणा, तरंगत असतात. तिथं बंदरात शिरताना लाल उजव्या हाताला ठेवायचा, आपल्या भारतात बरोबर उलटं आहे. ह्यांनी इकडच्या पुस्तकातनं पाठ केलं असंल तर आधीच पुसून घ्या.

प्रश्न : काकू, बोटीवर जेवणाचं काय? आम्ही शुद्ध शाकाहारी. (बाळीवेस)

उत्तर : कडक भाकरी! मला तर वाटतं ही भाकरी कुणीतरी बोटीसाठीच शोधली असणार, महिनाभर टिकते, हलली तरी सांडत नाही, मळमळत असलं तरी चावता येते. मी शेंगाचटणी दोन किलो आणि कडक भाकरीचे चार गठ्ठे नेले होते, विमानतळावर फॉर्मवर खाण्याचं सगळं लिहून टाकलं, लपवाछपवी करायची नाही. ताजी भाकरी पण करून बघितली, धक्क्याला बांधलेल्या बोटीत नीट होते, शेजारनं दुसरी बोट गेली की तव्यावरची भाकरी आपोआप उलटते, फक्त खाली.

बोटीत बारकी शेगडी, बारका फ्रिज असतो, धक्क्यावर वीज आणि पाणी मिळतं. भाजी दर गावात. लीलंडला जुन्या कोळ्यांच्या लाकडी झोपड्या नदीच्या काठाला अजून तशाच आहेत, फिशटाउन म्हणतात, तिथं धुरावलेल्या माशाचा वास अख्ख्या बंदरात, तुम्हाला तेवढं नाक धरावं लागंल. जुलैत गेलात तर चेरी खा, त्या बाजूला चेरीच्या बागाच बागा. लडिंग्टनला शेजारच्या बोटीतल्या बाईनं मला चेरीची पाटी दिली, मी वाटीभर शेंगाचटणी दिली, तर तिनं ती पीनट बटर समजून ब्रेडवर जाड थापली. पाणी पीत पीत खाल्ली पण सगळी.

प्रश्न : ताई, बोटीवर नवराबायकोची भांडणं होतात का हो? (होटगी रोड)

उत्तर : बोट बांधताना होतात, एरवी व्हायला वेळ नसतो.

पेंटवॉटरचं सांगते. वारा बोटीला धक्क्यापासनं लांब ढकलत होता, मी पुढं दोर घेऊन उभी, भाऊ सुकाणूवर, हे मागं. हे मागनं ओरडतायत "टाक टाक", इंजिनच्या आवाजात मला ऐकू आलं "थांब थांब", मी थांबले, बोट फिरली, मग मी दोर टाकला तो पाण्यात, तोपर्यंत आजूबाजूच्या बोटीतली माणसं खुर्च्या वळवून बसलेली. दोन पोरं पळत येऊन त्यांनी आम्हाला बांधलं. त्या रात्री कडक भाकरीचा आवाज सोडून बोटीत दुसरा आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं, म्हणजे भावाच्या बायकोनं, शिकवलं. तोंडानं बोलायचंच नाही, हातानं खुणा करायच्या. उडी मारायची नाही, बोट टेकल्यावर पाऊल टाकायचं. बोट आणि धक्का ह्यांच्या मधे हातपाय घालायचा नाही, हजारो किलोची बोट आहे, पायानं थांबत नाही. धक्क्यावर शिंगांसारखा लोखंडी खुंटा असतो, क्लीट म्हणतात, त्याला दोर आधी बुडाशी एक वेढा, मग शिंगांवरनं आठाच्या आकड्यासारखा आडवा, आणि शेवटचा फास उलटा करून खाली दाबायचा की झालं. आमचे हे मागावर तुटलेला धागा डोळे मिटून जोडणारे, त्यांना वाटलं गाठीतलं आपल्याला कोण शिकवणार, आणि प्रत्येक क्लीटवर अशी काय गच्च गाठ मारायचे की सकाळी सुटायची नाही. शेवटी दोराचं खातं माझ्याकडं आलं. ते अजून मान्य करत नाहीत.

प्रश्न : खर्च किती येतो, आणि बघण्यासारखं काय? (सात रस्ता)

उत्तर : बोट घरची असंल तर मुख्य खर्च डिझेलचा आणि रात्रीच्या जागेचा, जागेचं भाडं बोटीच्या फुटावर असतं. आमच्यासारखी हळू जाणारी बोट तासाला दहा-बारा लिटर पिते, तेच दोन पेट्रोल इंजिनांची पळणारी बोट शंभर लिटरसुद्धा पिते, म्हणून कोणती बोट ते आधी विचारा. भाड्यानं घ्यायची तर अनुभवाचा कागद मागतात. संडासाची टाकी बंदरात पंपानं उपसून घ्यावी लागते, तळ्यात सोडायची नाही, सोडली तर दंड. हे काम कुणाकडं जाणार ते घरातनंच ठरवून निघा.

बघण्यासारखं म्हणाल तर मला शार्लव्हॉय आवडलं. गावच्या मधनं कालवा, त्यावर उचलायचा पूल, दर अर्ध्या तासानं उघडतो, म्हणजे तोवर तुम्ही खालच्या ओढीत बोट जागच्या जागी धरून उभं राहायचं आणि वर मोटारवाले तुमच्यावर चिडून उभे. तिथल्या किनाऱ्यावर पेटोस्की दगड सापडतात, जुन्या काळच्या पोवळ्यांचे झालेले दगड. कोरडा असला की नुसता करडा गोटा, लाथ मारून पुढं जाल असा, पाण्यात बुडवला की त्यावर षटकोनी नक्षी उमटते, मधमाशीच्या पोळ्यासारखी. मी एक आणलाय, तुळशीत ठेवलाय, पाणी घातलं की दिसतो.

मॅकिनॉ बेटावर मोटार नाही, १८९८ सालापासून बंदी आहे, सगळा कारभार घोडागाडी आणि सायकलीवर. लिहायला मॅकिनॅक आणि बोलायला मॅकिनॉ, चुकलात की लगेच दुरुस्त करतात. धक्क्यावर उतरल्या उतरल्या लिदीचा वास आला आणि ह्यांना स्टेशनवरचे जुने टांगे आठवले. बेटाच्या पुढं कॅनडाची बाजू लागते, तिकडं उतरायचं तर व्हिसा वेगळा.

प्रश्न : काकू, अमेरिका लांब राहिली, उजनीवर असं करता येईल का? मित्राचा मित्र बोट द्यायला तयार आहे. चार दिवस, कुगाव, भिगवण असं. (टेंभुर्णी)

उत्तर : बाळा, चार दिवसांचं नको. एक तर उजनीत बंदर नाही, वारा उठला तर शिरायचं कुठं? दुसरं म्हणजे पाण्याची पातळी. ११७ मधले त्रेसष्टच्या वर टीएमसी मृतसाठा, म्हणजे एरवी सोडता न येणारं तळाचं पाणी, आणि उन्हाळ्यात आपण पेपरात "उजनी उणे" वाचतो तेव्हा त्यातलंही उपसलेलं असतं. पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातनं वर येतं ते बघायला लोक जातात, पण देऊळ वर येतं तसं बाकीची बुडालेली गावं, भिंती, झाडांचे बुंधे हे सगळं वीतभर पाण्याखाली बोटीच्या पंख्याची वाट बघत असतं, शिवाय कोळ्यांची जाळी. आणि मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीला जाणारी बोट संध्याकाळच्या वादळात उलटली, सहा माणसं गेली, एकटा पोहून काठाला लागला. तुझा तो मार्गही कुगावचाच आहे म्हणून सांगतेय.

हिवाळ्यात जा, भिगवणच्या बाजूला, रोहित पक्षी आलेले असतात, तिथल्याच कोळ्याची बोट घे, त्याला पाण्याखालचं सगळं पाठ असतं. जॅकेट दिलं नाही तर बसू नको, दिलं तर बक्कल लावून बघ, नुसतं गळ्यात अडकवतात. सकाळी साडेसहाला निघालास तर नऊला काठावर येऊन चहा होतो.